मालमोटारींचा त्रयस्थ विमा (भारत)

मालमोटारीच्या अपघातात अन्य व्यक्तीचा मृत्यू, इजा किंवा मालमत्तेची हानी झाल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईची जबाबदारी घेणारा सक्तीचा विमा. वाहतूकदार त्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. ट्रकच्या स्वतःच्या मोडतोडीची भरपाई यातून मिळत नाही.

कायदा : 1939 च्या मोटार वाहन अधिनियमातील विम्याची सक्ती 1 जुलै 1946 पासून अमलात आली. 1988 च्या अधिनियमातील कलम 146 ने ती कायम ठेवली. मृत्यू व इजेच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. 1994 च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्याची मुदत काढून टाकली आणि राहत्या ठिकाणी दावा करण्याची मुभा दिली. पीडितांची सोय झाली, पण जुन्या अपघातांचे दावे केव्हा येतील याचा अंदाज विमा कंपन्यांना बांधता येईना.

भरपाईचे गणित : सरला वर्मा (2009) व प्रणय सेठी (2017) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ते ठरवून दिले. महिना 20,000 रुपये कमावणारा, चार जणांचा पोशिंदा असलेला 30 वर्षांचा व्यावसायिक दगावला, तर भावी वाढीचे 40 टक्के धरून उत्पन्न 28,000 होते. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता 21,000 उरतात. वर्षाचे 2,52,000 आणि गुणक 17, म्हणजे 42,84,000 रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा वेगळ्या.

हप्ता : 2007 मध्ये वाहनविम्याचे इतर दर खुले झाले, पण त्रयस्थ विम्याचे दर सरकारी नियंत्रणातच राहिले. तोट्यामुळे कंपन्या ट्रकचा विमा उतरवायला नाखूश असत. म्हणून 1 एप्रिल 2007 पासून हा तोटा सर्व कंपन्यांत वाटून घेणारा सामाईक निधी उभारला गेला. तो 31 मार्च 2012 रोजी बंद झाला. 2022 च्या दरपत्रकानुसार 20 ते 40 टन एकूण वजनाच्या मालमोटारीचा वार्षिक मूळ हप्ता 43,950 रुपये आहे. जुलै 2018 च्या देशव्यापी चक्काजाममध्ये डिझेल व टोलबरोबर हा हप्ताही वादाचा विषय होता.

सुधारणा : 2016 च्या विधेयकात विमा कंपनीच्या दायित्वाला मृत्यूसाठी 10 लाखांची मर्यादा सुचवली होती. नितीन गडकरी यांच्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आणलेल्या 2019 च्या दुरुस्ती अधिनियमात ती राहिली नाही. ती राहिली असती, तर वरच्या उदाहरणातले 32 लाखांहून अधिक रुपये ट्रकमालकाच्या अंगावर पडले असते, आणि एकदोन गाड्यांच्या मालकाकडून ते वसूल होणे जवळपास अशक्य. 1 एप्रिल 2022 पासून दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आली. कंपनीने माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा, असेही बंधन आले. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख व गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळण्याची तरतूद झाली.

मूल्यमापन : मूळ हप्ता वजनावर ठरतो, चालकाची शिस्त, कामाचे तास किंवा अपघातांचा इतिहास त्यात येत नाही. त्यामुळे चालकाला पुरेशी झोप देणारा मालक आणि त्याला सलग दोन रात्री गाडी हाकायला लावणारा मालक सारखाच पैसा भरतात. पीडिताचा हक्क आखडून खर्च कमी होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या माथी जातो. सुरक्षित गाडी चालवणाऱ्याला हप्त्यात सवलत आणि दाव्यांचा लवकर निकाल, या दोन दिशांनीच पुढची सुधारणा व्हायला हवी.