हस्तर, फासे आणि आपलं लातूर

आपल्या बॅचच्या बहुतेकांनी ‘तुंबाड’ (२०१८) पाहिला असेल. त्यातला हस्तर कुठल्याही पुराणात सापडायचा नाही, कारण ते नाव आलं अमेरिकेतून. अँब्रोझ बिअर्सच्या १८९१च्या कथेत हस्तुर हा मेंढपाळांचा चक्क दयाळू देव होता. पुढे चेंबर्सनं ते नाव उचललं, लव्हक्राफ्टनं १९३१मध्ये ओझरतं वापरलं आणि नंतरच्यांनी त्याला भीषण करून टाकलं. स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ कथेत ते पुन्हा येतं. त्या कथेवरून नारायण धारपांनी ‘आजी’ लिहिली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची एक कथा मित्राच्या तोंडून ऐकली ती नागझिऱ्याच्या जंगलात, १९९३ साली.

१९९३ म्हटलं की आपल्याला दुसरंच आठवतं. ३० सप्टेंबर, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपली होती. आपण सातवीत होतो. पुढच्या कित्येक रात्री अंगणात काढल्या. दख्खनचा कातळ म्हणजे भूकंपाला भिण्याचं कारण नाही, अशी तोवर समजूत. मग मोठी माणसं पापपुण्यात कारणं शोधू लागली. धारपांच्या गोष्टीत निदान समर्थ येऊन वाईटाला हरवतो. लव्हक्राफ्टची भीती वेगळी: विश्वाला आपला रागही नाही आणि लोभही नाही. मला ती लगेच पटली, ती लातूरमुळे.

याच भीतीवर १९८१मध्ये ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा खेळ निघाला. (नांदेडचं माझं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच वर्षीचं!) एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे शोध घेणारी माणसं होतात. फाशांवर १ ते १०० पैकी आकडा पडतो. तो आपल्या कौशल्याच्या आकड्याच्या आत आला तर जमलं. मनाच्या तोलालाही गुण असतात, भलतं काही दिसलं की ते घटतात. १९८५मध्ये एकट्यानं खेळायचं पुस्तकही आलं: परिच्छेद वाचा, निर्णय घ्या, सांगितलेल्या क्रमांकावर जा. दिवसभर कोड लिहिणारीला यात नवल ते काय! १९८७च्या ‘आर्कहॅम हॉरर’मध्ये मात्र सगळे खेळाडू एका बाजूला आणि पट विरुद्ध. जिंकलो तर सगळे, बुडालो तर सगळे.

आम्ही शाळेतल्या चौघी आता शनिवारी रात्री ऑनलाइन खेळतो. किल्लारीवर एक गोष्ट रचू या, असं एकीनं सुचवलं तेव्हा मी गप्पच बसले. जिचं आजोळ सास्तूरचं, ती म्हणाली, “रचू की. पण त्यात राक्षस नको.” अजून तिची पहिली दोनच पानं झालीत.