शरणागतीची शिकवण आणि मागे बसलेली मुलगी

इस्लाम या शब्दाचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलोय. अल्लाहच्या मर्जीपुढे स्वतःला सोपवून देणं. मदरशातल्या पहिल्या धड्यापासून जुम्म्याच्या बयानापर्यंत हा अर्थ इतक्यांदा कानावर पडतो की त्याचं वजन जाणवेनासं होतं. म्हणूनच ‘ॲब्सोल्यूट सरेंडर’, म्हणजे ‘संपूर्ण शरणागती’, या नावाचं एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचं पुस्तक हाती घेतलं, तेव्हा दुसऱ्या धर्माचा माणूस हाच शब्द कसा उलगडतो याची उत्सुकता होती. लेखकाचं नाव अँड्र्यू मरे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चचे ते पाळक होते.

पुस्तक आवडलं. पण मरे यांचं चरित्र आणि त्यांच्या चर्चचा इतिहास वाचत गेलो तसा एक प्रश्न मागे लागला. ज्या चर्चमधून नम्रतेचा एवढा मोठा शिक्षक पुढे आला, त्याच चर्चने पुढच्या शतकात वर्णद्वेषी राजवटीला धर्माचा आधार कसा दिला?

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. कोकणातल्या मुस्लिमांना केपटाऊन परकं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी आणि आजच्या रायगड जिल्ह्यातली माणसं पोटासाठी तिकडे गेली आणि तिथलीच झाली. त्यांच्या वंशजांना आजही तिथं ‘कोकणी’ म्हणूनच ओळखतात. मरे यांच्या हयातीतच ही माणसं केपटाऊनला पोचली होती.

आवाज गेलेला उपदेशक

मरे यांचा जन्म ९ मे १८२८ चा, केप वसाहतीतल्या ग्राफ-रायनेट गावचा. वडील स्कॉटलंडहून आलेले पाळक. वयाच्या दहाव्या वर्षी, १८३८ साली, मोठ्या भावासोबत अँड्र्यूंना शिक्षणासाठी स्कॉटलंडला धाडण्यात आलं. अ‍ॅबर्डीनला पदवी, मग नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला धर्मशास्त्राचा अभ्यास. २० वा वाढदिवस होता त्याच दिवशी, ९ मे १८४८ ला, त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

मायदेशी परतल्यावर पहिली नेमणूक ब्लूमफाँटेनला झाली. मैलोगणती पसरलेला प्रदेश, विखुरलेले बोअर शेतकरी, घोड्यावरचे आणि बैलगाडीतले आठवडेच्या आठवडे चालणारे प्रवास. त्यानंतर १८६० मध्ये वूस्टर, १८६४ मध्ये केपटाऊन आणि १८७१ पासून वेलिंग्टन. १९०६ साली ते निवृत्त झाले आणि १८ जानेवारी १९१७ ला वेलिंग्टनलाच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. मधल्या काळात त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी वेलिंग्टनला ह्युगनॉट सेमिनरी उभी केली. त्यासाठी अमेरिकेहून शिक्षिका बोलावल्या. बोअर युद्धाच्या वेळी त्यांनी शांततेची बाजू घेतली.

त्यांच्या आयुष्याला खरं वळण दिलं ते आजाराने. १८७९ च्या सुमारास घसा बिघडला आणि जवळपास दोन वर्षं त्यांना प्रवचन करता आलं नाही. ज्याची सगळी ओळखच आवाजावर उभी, त्याचा आवाज काढून घेतला गेला. पुढे लंडनमध्ये, प्रार्थनेने उपचार करणाऱ्या एका घरात राहिल्यावर आपण बरे झालो, असं ते स्वतः सांगत. ते कसे बरे झाले यावर वाद घालता येईल. त्या मुक्या काळानंतर त्यांच्या लेखणीला मात्र जोर आला. ‘अबाइड इन ख्राइस्ट’ हे त्यांचं पुस्तक मूळ डचमध्ये १८६४ साली आलं होतं, ते १८८२ मध्ये इंग्रजीत निघालं आणि जगभर गेलं. १८८५ मध्ये प्रार्थनेवरचं पुस्तक आलं, १८९५ मध्ये ‘ह्युमिलिटी’. लहानमोठी मिळून त्यांची दोनशेहून अधिक पुस्तकं आणि पुस्तिका आहेत.

त्यांनी काय शिकवलं

मरे यांचा वाचक नास्तिक नाही. तो नियमाने चर्चला जाणारा, बायबल वाचणारा, दानधर्म करणारा माणूस आहे. त्याला मरे विचारतात, एवढं सगळं करूनही आत काही बदललं का? राग तोच, मत्सर तोच, ‘मी’ तोच. आपल्याकडे नमाज-रोजा पाळणाऱ्याला एखादा बुजुर्ग नफ्सबद्दल विचारतो, तसाच हा प्रश्न आहे.

त्यांचं उत्तर तीन पायऱ्यांचं आहे, असं मला दिसलं. पहिली पायरी शरणागतीची. लेखणी जशी लिहिणाऱ्याच्या हातात पूर्णपणे सोपवलेली असते, तसं माणसाने देवाच्या हाती असावं. अर्धी लेखणी आपण धरून ठेवली तर लिहिणाऱ्याला काही लिहिता येणार नाही. दुसरी पायरी टिकून राहण्याची. योहानाच्या शुभवर्तमानात द्राक्षवेल आणि फांदीचा दृष्टान्त आहे. फांदी फळ ‘करत’ नाही, ती वेलीला धरून राहते आणि फळ येतं. हे एका दिवसात होत नाही, रोजच्या सरावाने होतं. म्हणून ‘अबाइड इन ख्राइस्ट’ची ३१ प्रकरणं आहेत. महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक, सावकाश वाचायचं.

तिसरी पायरी नम्रतेची, आणि तीच सर्वांत अवघड. देवापुढे नम्र होणं सोपं असतं, असं मरे सांगतात. सजद्यात कपाळ जमिनीला टेकवताना कुणाचाच अहंकार दुखावत नाही, हे आपणही जाणतो. खरी परीक्षा माणसांपुढे होते. आपल्यापेक्षा कमी शिकलेला, खालच्या कामाचा, आपल्याला न आवडणारा माणूस समोर आला की आपण कसे वागतो? रोजच्या बारीकसारीक व्यवहारात जी दिसत नाही, ती नम्रता देवाच्या दारीही खरी नाही, हा त्यांच्या पुस्तकाचा गाभा आहे.

फरकही सांगितला पाहिजे. मरे यांची शरणागती येशू ख्रिस्तावरच्या श्रद्धेतून जाते. आपण हजरत ईसा यांना पैगंबर मानतो, देवाचा पुत्र मानत नाही. शिवाय मरे मिशनरी कामाचे कट्टर पुरस्कर्ते होते. इतर धर्मीयांना ख्रिस्ताकडे आणणं हे त्यांना आपलं कर्तव्य वाटे. हा भेद झाकून ‘सगळं एकच’ म्हणण्यात प्रामाणिकपणा नाही. पण तवक्कुल, नफ्सशी झगडा, इन्किसारी हे शब्द ज्याने सूफी साहित्यात वाचलेत, त्याला मरे यांच्या पानांवर अनोळखी वाटणार नाही.

केपमधले आपले लोक

आता त्यांच्या भोवतालच्या समाजाकडे येऊ. डच ईस्ट इंडिया कंपनीने इंडोनेशियाच्या बेटांवरून, बंगाल-मलबारकडून गुलाम आणि राजकीय कैदी केपमध्ये आणले. त्यांत मुस्लिम पुष्कळ होते. मकासरचे सूफी शेख युसूफ १६९४ मध्ये हद्दपार होऊन इथं आले. तिदोर बेटावरचे तुआन गुरू रॉबेन बेटावर कैदेत होते आणि त्यांनी स्मरणातून कुराण लिहून काढलं, ही केपच्या मुस्लिमांची अभिमानाची आठवण आहे. डॉर्प स्ट्रीटवरची अव्वल मशीद १७९४ ची, दक्षिण आफ्रिकेतली पहिली. तिथं उभे राहणारे बरेच जण गुलाम होते, काही नुकतेच सुटलेले. मरे केपटाऊनला पाळक म्हणून येण्याच्या आदल्या वर्षी, १८६३ मध्ये, ऑटोमन दरबाराने पाठवलेले अबू बक्र एफेंदी याच शहरात येऊन शिकवू लागले होते. त्यांनी अरबी लिपीत आफ्रिकान्स भाषेतलं धर्माचं पुस्तक लिहिलं.

गुलामी कायद्याने १८३४ मध्ये संपली, सक्तीच्या उमेदवारीची मुदत १८३८ पर्यंत चालली. त्यानंतर बाटून ख्रिस्ती झालेले काळे आणि मिश्रवंशीय लोक गोऱ्यांच्या बाजूला बसून उपासना करू लागले. हे अनेक गोऱ्यांना रुचत नव्हतं. १८५७ मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, एक ठराव केला. एकत्र उपासना हेच इष्ट आणि शास्त्रसंमत आहे, हे त्यात मान्य केलं होतं. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ अडचण येत असेल, तर या नव्या ख्रिस्ती लोकांना वेगळ्या इमारतीत आपली उपासना करता येईल, अशी मुभा दिली.

ही भाषा नीट पाहा. तत्त्व योग्य आहे असं म्हणायचं आणि व्यवहारात सूट द्यायची. अपवाद म्हणून दिलेली ती सूट काही वर्षांतच नियम होऊन बसली. १८८१ मध्ये मिश्रवंशीय ख्रिस्ती लोकांचं वेगळं मिशन चर्चच स्थापन झालं.

वूस्टरची ती संध्याकाळ

त्या ठरावानंतर तीनच वर्षांनी, १८६० मध्ये, मरे वूस्टरला आले. एका रविवारी संध्याकाळी छोट्या सभागृहात साठेक तरुण-तरुणी प्रार्थनेला जमले होते. सभा चालवणाऱ्या जे. सी. डी व्रीस यांनी नंतर त्या संध्याकाळची हकिगत लिहून ठेवली. काहींनी प्रार्थना म्हटल्या, गीतं झाली. मग मागच्या बाजूला बसलेली एक मुलगी उठली. फिंगो जमातीची, काळी, जवळच्या शेतावर घरकाम करणारी, पंधराएक वर्षांची. मीही एक गीत सुचवू का, असं तिने विचारलं. परवानगी द्यावी की नाही, या विचाराने डी व्रीस क्षणभर घुटमळले, आणि मग त्यांनी हो म्हटलं. तिने गीत सुचवलं आणि हृदय हेलावून टाकणारी प्रार्थना केली. ती प्रार्थना करत असतानाच दुरून गडगडाटासारखा आवाज जवळ येत असल्याचा भास झाला आणि सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागले.

मरे तेव्हा दुसरीकडे प्रवचन देत होते. कुणीतरी सांगितल्यावर ते धावत आले. मी तुमचा पाळक आहे, शांत व्हा, असं त्यांनी ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्यांनी गीत सुरू करून पाहिलं. तेही कुणी उचललं नाही. देव सुव्यवस्थेचा आहे आणि इथं तर गोंधळ माजलाय, असं म्हणत ते निघून गेले. पुढच्या सभांतही तेच घडत राहिलं. शेवटी अमेरिकेत अशीच जागृती पाहून आलेल्या एका परक्या माणसाने त्यांना सावध केलं, हे देवाचं काम आहे, आड येऊ नका. मरे बदलले. पुढे याच जागृतीचे ते नेते मानले गेले आणि ती केप वसाहतीत दूरवर पसरली.

चरित्रकार हा प्रसंग मरे कसे नमले हे दाखवण्यासाठी सांगतात. माझं लक्ष मात्र त्या मुलीकडे जातं. तिचं नाव कुणी नोंदवलं नाही. चर्चने ज्यांना वेगळ्या खोलीत बसवायची मुभा दिली होती, त्यांच्यातलीच ती एक. चर्चच्या इतिहासातली सर्वांत मोठी आध्यात्मिक जागृती तिच्या तोंडून सुरू झाली. आणि तरीही त्या जागृतीनंतर भिंत पडली नाही, उलट उंच झाली.

मरे यांनी शिकवलेल्या मोजपट्टीनेच मोजायचं, तर रोजच्या व्यवहारातली नम्रता ही खरी परीक्षा आहे. त्या परीक्षेत त्यांचं चर्च नापास झालं. हजारो लोकांनी ३१ दिवस ३१ प्रकरणं वाचली असतील, मनं शुद्धही झाली असतील. पण कोण कुणाच्या शेजारी बसणार हा प्रश्न त्यांनी आध्यात्मिक मानलाच नाही. तो ‘व्यवस्थेचा’ प्रश्न म्हणून सोडून दिला. १९४८ मध्ये अपार्थाइडचं राज्य आलं तेव्हा या चर्चचे अनेक पुढारी त्याच्या बाजूने उभे होते.

त्याची झळ आपल्या लोकांनाही बसली. केपटाऊनची डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती, जिथं मुस्लिम आणि ख्रिस्ती, काळे आणि मिश्रवंशीय एकत्र राहत, ती १९६६ मध्ये ‘फक्त गोऱ्यांसाठी’ जाहीर झाली. सुमारे ६० हजार माणसांना तिथून उठवलं गेलं. वर्णभेदाविरुद्ध बोलणारे इमाम अब्दुल्ला हारून १९६९ मध्ये पोलीस कोठडीत मरण पावले. दुसरीकडे त्याच डच रिफॉर्म्ड चर्चचे पाळक बायर्स नॉदे यांनी १९६३ मध्ये आपलं व्यासपीठ सोडलं आणि अपार्थाइडविरोधात उभे राहिले. १९८२ मध्ये, वेगळ्या केलेल्या त्या मिशन चर्चनेच बेलहारचा जाहीरनामा मांडला आणि ही विभागणी ख्रिस्ती श्रद्धेच्याच विरुद्ध असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने अपार्थाइडचं समर्थन हे पाखंड ठरवलं.

आपली सफ

हे वाचून ‘आमच्याकडे असं नाही’ म्हणायचा मोह होतो. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभं राहतो, राजा-रंक एका सफेत, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरं आहे. पण सलाम फिरवून मशिदीच्या पायऱ्या उतरलो की काय होतं? बागवान, अत्तार, पिंजारी, शिकलगार, कुरेशी, तांबोळी. रिश्ता जुळवताना पहिला प्रश्न बिरादरीचा असतो. अश्रफ घराण्याचा माणूस मेहनतकश जमातीत मुलगी देत नाही. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली तेव्हा ‘इस्लाममध्ये जात नाही’ हेच उत्तर देऊन तिला गप्प करायचा प्रयत्न झाला. तत्त्व बरोबर आहे म्हणायचं आणि व्यवहारात सूट घ्यायची. १८५७ च्या ठरावाची भाषा याहून फार वेगळी नव्हती.

मरे यांची पुस्तकं मी टाकून दिलेली नाहीत. नम्रतेवरचं पुस्तक पुन्हा वाचतोय. ज्याला जिक्र-फिक्रची आवड आहे त्याने ते वाचावं, असंही सांगेन. फक्त वाचताना वूस्टरच्या त्या सभागृहात मागे बसलेल्या मुलीची आठवण ठेवावी. आणि येत्या जुम्म्याला नमाज झाल्यावर आपण ज्याच्या शेजारी उभे होतो, त्याच्या घरी आपला रिश्ता जाऊ शकतो का, हे स्वतःला एकदा विचारून पाहावं.