चुट्टी
केरळमधील कथकळी नृत्यनाट्याच्या मुखरंगभूषेतील पांढरी, उठावदार कड. ती हनुवटीपासून दोन्ही गालांवर वळविलेली असते. नट संवाद बोलत नसल्याने पात्राचा स्वभाव प्रथम चेहऱ्यावरूनच ओळखला जातो : ‘पच्च’ (हिरवा) हा धीरोदात्त नायकाचा, तर ‘कत्ती’ हा रावणासारख्या प्रतिनायकाचा वेष होय. मूळ रंग नट स्वतः लावतो. नंतर तो उताणा झोपतो व चुट्टीकार त्याच्या चेहऱ्यावर तांदळाची पिठी आणि चुना यांच्या लेपाने कड उभारतो. पुढे लेपाच्या थरांऐवजी कागदाची कड चिकटविण्याची पद्धत रूढ झाली. तिने वेळ वाचला. मोठ्या समईच्या उजेडात ही कड मुखावरील भाव उठून दिसण्यास साहाय्यक होते. प्रयोगात स्वतः न दिसणाऱ्या या कारागिराची विद्या, १९३० मध्ये स्थापन झालेल्या केरळ कलामंडलम् या संस्थेत स्वतंत्र विषय म्हणून शिकविली जाते.