प्राध्यापकांचे संगणकज्ञान आणि अध्यापनाची परिणामकारकता : 1984 ते 2020

ज्या प्राध्यापकाला संगणक चांगला येतो, तो चांगला शिकवतो का? शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत हा प्रश्न वारंवार येतो. पण भारतातील घडामोडी क्रमाने पाहिल्या, तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : प्राध्यापकांना संगणक शिकवला गेला तो कशासाठी?

1984 हे वर्ष येथे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. पडद्यावर तज्ज्ञ बोलत आणि विद्यार्थी पाहत. महाविद्यालयातील प्राध्यापकाला मात्र त्यात फारसे काम नव्हते. फार तर दूरदर्शन संच वेळेवर सुरू करायचा.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. नव्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग आणि अनुभवी प्राध्यापकांसाठी उजळणी वर्ग असत. पुढे या वर्गांत संगणकाची ओळख करून दिली जाऊ लागली. हे वर्ग पदोन्नतीशी जोडलेले होते, त्यामुळे उपस्थिती भरपूर असे आणि प्रमाणपत्र जपून ठेवले जाई. पण फाइल कशी उघडावी, तक्ता कसा करावा, स्लाइड कशी बनवावी एवढे शिकून इतिहासाचा प्राध्यापक परत आला, तर 1857 चा उठाव शिकवताना त्याने त्याचे काय करावे? याचे उत्तर त्या वर्गात सहसा मिळत नसे. मग फळ्यावरचा मजकूर स्लाइडवर गेला, आणि पूर्वी फळ्यावरून उतरवून घेणारे विद्यार्थी आता पडद्यावरून उतरवून घेऊ लागले.

या उणिवेला सैद्धान्तिक नाव पुढे मिळाले. ली शुलमन यांनी 1986 मध्ये मांडले होते की विषय येणे आणि तो विषय शिकवता येणे यांत फरक आहे. 2006 मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. विषय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान ही तिन्ही ज्ञाने जेथे एकत्र येतात, तेथे खरे कौशल्य असते, असे त्यांचे म्हणणे. संख्याशास्त्राचे उदाहरण घ्या. दहा जणांच्या उत्पन्नाच्या तक्त्यात सर्वांत मोठा एकच आकडा बदलून तो कोट्यवधींचा केला की मध्य एकदम उसळतो, पण मध्यक जागचा हलत नाही. हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर क्षणात घडते. प्राध्यापकाला येथे संगणकाचे फार थोडे येत असले तरी चालते, पण विद्यार्थी नेमका कुठे गोंधळतो ते माहीत असावे लागते.

2009 च्या राष्ट्रीय माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान शिक्षण मोहिमेतून या दिशेने काही चांगले प्रयत्न झाले. आयआयटी मुंबईने अभियांत्रिकीच्या हजारो शिक्षकांसाठी दूरस्थ केंद्रांमार्फत कार्यशाळा घेतल्या. त्यांत उष्णता संक्रमणासारखे विषयच शिकवले जात, आणि तंत्रज्ञान हे त्यांचे वाहन होते. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात छोट्या चित्रफिती भारतीय भाषांत ऐकता येतात, आणि शिकणारा त्या पाहता पाहता प्रत्यक्ष संगणकावर तेच करून बघतो. इंग्रजी सूचनांना बिचकणाऱ्या प्राध्यापकांसाठी ही सोय साधी नव्हती.

संशोधनाबाबत एक सावधगिरी. प्राध्यापकांची संगणककौशल्ये आणि विद्यार्थ्यांनी दिलेले गुण यांत सहसंबंध आढळला, तरी तो कार्यकारणभाव ठरत नाही. जो शिक्षक मुळात उत्साही आहे, तो संगणकही शिकतो आणि चांगलेही शिकवतो. शिवाय 'मला संगणक चांगला येतो' हे प्रश्नावलीत प्राध्यापकाने स्वतःच लिहिलेले असते. अशी प्रश्नावली तुमच्या हाती आली, तर मोजमाप कोणी केले ते आधी पाहा.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि सगळे अध्यापन अचानक पडद्यावर आले. आकर्षक स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांसमोर बंद कॅमेऱ्यांच्या रांगा उरल्या. काही शिक्षकांनी फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, खाली कोरा कागद मांडला, आणि गणित पायरीपायरीने सोडवत मध्येच थांबून विचारले, 'आता पुढची ओळ कोण सांगेल?'