कंदिलाच्या उजेडातलं ऑपरेशन

१२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातून एका कैद्याला तातडीनं नदीपलीकडच्या ससून रुग्णालयात आणलं गेलं. पोटात असह्य दुखत होतं. निदान झालं, अपेंडिक्सला सूज. कैदी होते मोहनदास करमचंद गांधी. मार्च १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती.

शाळेत आपण हा प्रसंग इतिहासाच्या तासाला सांगतो, आणि अपेंडिक्स शिकवतो जीवशास्त्राच्या तासाला ‘निरुपयोगी अवयव’ म्हणून. (हे ‘निरुपयोगी’ आता तितकंसं खरं मानत नाहीत.) दोन्ही एकत्र आणले तर त्या रात्रीची घाई नीट कळते.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली नळी. तिचं तोंड विष्ठेच्या खड्यानं किंवा सुजेनं बंद झालं की आतला स्राव साठतो, दाब वाढतो. दाबामुळे भिंतीतल्या रक्तवाहिन्या चेपतात. रक्त न मिळालेली भिंत कुजते आणि फुटते. मग आतड्यातले जंतू थेट उदरपोकळीत उतरतात. १९२४ साली त्यांच्याविरुद्ध औषधच नव्हतं. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, रुग्णांना ते मिळू लागलं १९४० नंतर. म्हणून फुटण्याआधी कापून काढणं हाच मार्ग. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक १९०२ मध्ये ऐनवेळी पुढे ढकलावा लागला, तो याच आजारामुळे.

कर्नल मॅडॉक हे ब्रिटिश सर्जन शस्त्रक्रिया करणार होते. कैदी दगावला असता तर देश पेटला असता, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं गेलं. ऑपरेशनला संमती देणाऱ्या निवेदनावर गांधीजींनी थरथरत्या हातानं सही केली. मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहायला वेळ नव्हता. ऑपरेशन सुरू असताना वादळ झालं आणि वीज गेली. नर्सच्या हातातली बॅटरीही विझली. उरलेलं काम मॅडॉकनी कंदिलाच्या उजेडात पुरं केलं.

पोटात पाहायचं तर उजेड हवा, ही अडचण जुनीच. १८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या घशातून सरळ नळी जठरापर्यंत नेली, पण दिव्याचा प्रकाश पुरेना. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण वापरात आणली आणि प्रकाश वळणं घेत जठरात पोहोचला. पुढे पाहता पाहता उपचारही सुरू झाले. वाहणाऱ्या व्रणाभोवती अॅड्रिनॅलिन टोचायचं, म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात, उष्णतेनं डागायचं, किंवा धातूची बारीक क्लिप लावून रक्तवाहिनी चिमटून टाकायची. १९९३ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून गाठ काढताना जठराला पडलेलं भोक अशाच क्लिपांनी बंद केल्याचं प्रसिद्ध केलं. पोट उघडावं लागलं नाही.

मग फुटलेलं अपेंडिक्सही असंच शिवता येईल? मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. नाही. क्लिपला धरायला निरोगी कडा लागते. ताजं, स्वच्छ भोक वेगळं आणि कुजून फाटलेली भिंत वेगळी. शिवाय घाण बाहेर सांडलेली असते, ती काढावीच लागते. त्यामुळे अपेंडिक्स आजही बहुधा शस्त्रक्रियेनंच काढतात, फक्त पोटावरच्या छोट्या छिद्रांतून. ही पद्धत झेम यांनी १९८० मध्ये जर्मनीत प्रथम वापरली. हैदराबादच्या डॉ. रेड्डी आणि डॉ. राव यांनी तर तोंडावाटे जठरात जाऊन, तिथून उदरपोकळीत उतरून अपेंडिक्स काढून दाखवलं. प्रयोग गाजला, रूढ मात्र झाला नाही. जठराला मुद्दाम पाडलेलं भोक खात्रीनं बुजवायचं कसं, ही त्यातली मोठी अडचण होती.

ससूनमधलं ऑपरेशन यशस्वी झालं, तरी नंतर तिथे गळू झालं आणि प्रकृती सावकाश सुधारली. ५ फेब्रुवारी १९२४ ला सरकारनं गांधीजींना बिनशर्त सोडलं. ती शस्त्रक्रियेची खोली ससूनमध्ये स्मारक म्हणून जपलेली आहे.