पोटरी, झावळी आणि धन्यवादित स्टेन्सन

धन्यवादित बिशप नील्स स्टेन्सन यांचे नाव आम्ही सेमिनरीत प्रथम ऐकले, ते एक धर्मांतरित विद्वान व विरक्त बिशप म्हणून. त्यांनी स्नायूंवर भूमितीचा ग्रंथ लिहिला होता हे मात्र आम्हांस फार उशिरा कळले.

कोपनहेगनच्या एका सोनाराच्या घरी १६३८ साली जन्मलेले स्टेन्सन लुथरन संस्कारांत वाढले आणि लायडेन येथे वैद्यक शिकून १६६६ मध्ये फ्लॉरेन्सला आले. पुढच्याच वर्षी त्यांचा स्नायुविषयक ग्रंथ तेथे प्रसिद्ध झाला. तोवर विद्वानांची समजूत अशी, की मज्जातंतूंतून एक सूक्ष्म द्रव्य स्नायूत शिरते, स्नायू पखालीसारखा फुगतो आणि म्हणून आखडतो. वाचकांनी आपला दंड वळवून पाहावा. वर येणारी गाठ पाहून ही समजूत कोणासही खरीच वाटेल!

स्टेन्सन यांनी शवविच्छेदन करताना तंतूंची मांडणी पाहिली. अनेक स्नायूंत तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जात नाहीत. दोन कंडरांच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्यांच्या मध्ये ते तिरपे व परस्परांस समांतर बसलेले असतात. गॅलिलिओंचे शिष्य विव्हियानी यांच्या साहाय्याने त्यांनी या रचनेला तिरप्या पेटीचे भौमितिक रूप दिले. तंतू आखूड झाले, की त्यांचा कल वाढतो व पेटी जाड होते. आतील घनफळ मात्र तेवढेच राहते. गाठ दिसण्यासाठी बाहेरून काही आत शिरण्याची गरजच उरत नाही.

अशा रचनेचा लाभ मोठा आहे. नारळाच्या झावळीत मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांस पाती तिरपी बसतात, तसे मांडीच्या पुढील एका स्नायूचे तंतू असतात. खांद्यावरील स्नायूत अशा अनेक झावळ्या एकत्र आल्यासारख्या दिसतात. थोड्या जागेत पुष्कळ तंतू मावल्याने जोर वाढतो, हालचालीचा पल्ला मात्र घटतो. पोटरीची ताकद अशीच आहे. उलट मांडीवरून तिरका उतरणारा लांब, पट्टीसारखा स्नायू समांतर तंतूंचा. त्याचा पल्ला मोठा, जोर बेताचा.

विद्वानांनी हा ग्रंथ स्वीकारला नाही. बोरेल्ली यांनी फुगण्याचाच सिद्धान्त पुढे चालविला व योहान बेर्नुली यांनीही स्टेन्सन यांना दोष दिला. त्यांचे मित्र स्वामरडाम यांनी बेडकाचा स्नायू काचनळीत ठेवून घनफळ वाढत नाही असे दाखविले होते. पण तो प्रयोग छापून आला १७३७-३८ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर.

श्रद्धेपायी एक शास्त्रज्ञ वाया गेला, असे कधी कधी म्हटले जाते. आम्हांस ते पटत नाही. १६६७ च्या नोव्हेंबरात स्टेन्सन कॅथलिक झाले, तेव्हा हा ग्रंथ छापून झाला होता, आणि तो बाजूला सारला तो शास्त्रज्ञांनीच. १६६९ मध्ये त्यांनी खडकांच्या थरांवरही लिहिले. १६७५ मध्ये ते धर्मगुरू झाले, १६७७ मध्ये बिशप. उत्तर जर्मनीत दारिद्र्यात राबून १६८६ मध्ये श्वेरीन येथे निवर्तले.

२३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्याच सुमारास संशोधक संगणकावर तिरप्या तंतूंच्या स्नायूंची गणिते मांडीत होते. १९९० मध्ये डेन्मार्कच्या ट्रोल्स कार्डेल यांनी ती गणिते जुन्या ग्रंथाशी ताडून पाहिली. स्टेन्सन यांची तिरपी पेटी त्यांत पुन्हा आढळली. त्यांचा देह फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो मंदिरात आहे. तो ग्रंथ छापला गेला, त्याच नगरात.