गोदामातील आगगाड्या

खेळणे आणि इतिहास यांचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो. खेळणे मुलाच्या हातात चार दिवस रमते आणि मोडते. इतिहास मात्र राज्यांची, व्यापाराची आणि युद्धांची नोंद ठेवतो. तथापि जर्मनीतील हॅम्बुर्ग या बंदरात अशी एक जागा आहे, की तेथे खेळण्यातील आगगाडीने एका मोठ्या व्यापारी वास्तूच्या इतिहासात आपले प्रकरण जोडले आहे.

खेळण्यातील आगगाडी खऱ्या आगगाडीच्या मागोमाग आली. प्रारंभी ती जमिनीवरून दोरीने ओढावयाची वस्तू होती. १८९१ साली ग्योपिंगेन येथील मेर्कलीन या कारखान्याने लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापांच्या रुळांची गाडी मांडली, आणि या खेळाचे रूप पालटले. माप ठरले म्हणजे आज एक डबा घ्यावा, पुढल्या वर्षी एक पूल घ्यावा, आणि दोन्ही एकमेकांस जुळावेत, अशी सोय झाली. पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, त्यांचे माप लहान होत गेले, आणि मुलांच्या या खेळात वडीलधारी मंडळीही शिरली. लंडनमध्ये १९१० साली अशा हौशी मंडळींनी आपली संस्थाही स्थापन केली. त्यांची प्रदर्शने भरत. पण ती बहुधा जाणकारांनी जाणकारांसाठी भरविलेली असत. चार दिवस गाड्या धावत, मग रूळ उकलून पेटीत जात. ज्याला इंजिनांच्या जातींशी काही कर्तव्य नाही अशा सामान्य माणसाने तिकीट काढून, दूरचा प्रवास करून ही प्रतिकृती पाहावयास यावे, ही कल्पना निराळी होती.

ती कल्पना जेथे फळास आली, त्या हॅम्बुर्गमध्ये श्पायखरश्टाट, म्हणजे गोदामांचे नगर, या नावाचा भाग आहे. हॅम्बुर्ग जर्मन साम्राज्याच्या जकातक्षेत्रात सामील होणार, हे १८८१ साली ठरले. व्यापाऱ्यांना जकातीवाचून माल साठविता यावा म्हणून बंदरात एक मोकळा विभाग राखावयाचा होता. त्यासाठी एल्ब नदीच्या काठची बेटे निवडण्यात आली. त्या बेटांवर कामगारांच्या चाळवजा वस्त्या होत्या, तशीच व्यापाऱ्यांची जुनी घरेही होती. १८८३ पासून ती पाडली गेली आणि सुमारे २० हजार माणसांना बिऱ्हाड हलवावे लागले. त्यांच्या जागी लाल विटांची, अनेक मजली, कालव्यांच्या कडेने रांगेत उभी असलेली गोदामे आली. १८८८ मध्ये बादशहा दुसरा विल्हेल्म याच्या हस्ते या वास्तूंचा समारंभ झाला. कॉफी, चहा, कोको, मसाले आणि गालिचे यांचा माल होड्यांतून येई आणि रहाटाने वर चढे.

दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांनी या नगराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. तो पुन्हा उभारला गेला. पण जे बाँबने साधले नाही, ते पुढे एका लोखंडी पेटीने साधले. १९६८ मध्ये हॅम्बुर्गला पहिले पूर्ण कंटेनरवाहू जहाज लागले. माल पेटीत बंद होऊन येऊ लागला, आणि गोणी मोजून मजल्यामजल्यावर रचण्याची गरज हळूहळू सरली. २००३ साली हा भाग मुक्त बंदराच्या हद्दीतून वगळण्यात आला. गोदामे भक्कम उभी होती. त्यांचे कामच तेवढे उरले नव्हते.

याच काळात फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी येथे जागा घेतली. हे भाऊ हॅम्बुर्गमध्ये रात्रीचे नृत्यगृह चालवीत. २००० च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक झुरिचमध्ये फिरत असता त्याला लहान आगगाड्यांचे एक दुकान दिसले आणि बालपणीची हौस जागी झाली. जगातील सर्वांत मोठी लघुरेल्वे आपण उभारावी, असे त्याने भावापुढे मांडले. त्यांनी लोकांची आवड अजमावून पाहिली, तेव्हा अशा प्रदर्शनाचे आकर्षण पुरुषांना बरेच आणि स्त्रियांना फारच थोडे असल्याचे आढळले. या उत्तरातून त्यांनी धडा घेतला. गाड्या धावतीलच; पण ज्याला गाड्यांची आवड नाही त्यालाही तासन्‌तास पाहण्यासारखे काही असले पाहिजे. बँकेचे कर्ज काढून काम सुरू झाले आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी मिनियाटूर वुंडरलांड, म्हणजे चिमुकली अद्भुतनगरी, लोकांसाठी खुली झाली.

येथील माप एकास ८७ असे आहे. खरी वस्तू ८७ हात असेल, तर प्रतिकृती एक हात. या हिशेबाने माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच होतो. प्रारंभी मध्य व दक्षिण जर्मनीचा देखावा आणि क्नुफिंगेन नावाचे एक काल्पनिक शहर होते. पुढे २००२ मध्ये हॅम्बुर्ग, २००३ मध्ये अमेरिका, २००५ मध्ये खऱ्या पाण्याचा समुद्र असलेला स्कँडिनेव्हिया, आणि २००७ मध्ये गोदामाचा मजला भेदून वर गेलेले स्वित्झर्लंडचे पर्वत, असे एकेक देश जोडले गेले. सहा वर्षांच्या खटपटीनंतर २०११ मध्ये विमानतळ सुरू झाला. तेथे विमाने धावपट्टीवरून धावतात आणि उडतातही. मोटारी रस्त्याखाली पुरलेल्या तारेच्या आधाराने वाट शोधतात, आणि गाड्यांचे सांधे व सिग्नल संगणक सांभाळतो. दर पाव तासाने तेथे रात्र होते आणि लाखो दिवे उजळतात. एक बटण दाबले, की चिमुकल्या कारखान्यातून खरे चॉकलेट हातात पडते. शेजारच्या दृश्यमालेत मात्र जर्मनीच्या फाळणीची कथा एकाच वस्तीच्या बदलत्या रूपांतून मांडलेली आहे. तेथे हसणारा प्रेक्षक गंभीर होतो.

आज रुळांची लांबी १५ किलोमीटरांहून अधिक आणि गाड्या हजाराहून अधिक आहेत. पण प्रेक्षक थबकतो तो बहुधा गाडीपाशी नव्हे. कोठे लग्न चालले आहे, कोठे आग विझविली जात आहे, कोठे शेतात दोन प्रेमिक जगाला विसरले आहेत. अशा अडीच लाखांहून अधिक चिमुकल्या माणसांच्या संसारापाशी तो थबकतो. आगगाडी ही या संसारातून ओवलेला दोरा आहे.

असला उद्योग निर्धोक नाही. वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे पाहावयास येतात, तोवर शेकडो कारागिरांची चूल पेटते. २०२० साली महामारीमुळे दारे बंद झाली, तेव्हा हा सारा डोलारा प्रेक्षकांच्या पावलांवर उभा असल्याचे स्पष्ट झाले. तरीही काम थांबले नाही. २०२१ मध्ये कालव्यावर पूल टाकून समोरचे गोदामही जोडले गेले आणि तेथे दक्षिण अमेरिका उभी राहू लागली.

ही हौस मराठी माणसालाही परकी नाही. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्येच, म्हणजे हॅम्बुर्गच्या आधी तीन वर्षे, लोकांसाठी उघडले होते. व्याप लहान, पण प्रेरणा तीच.

२०१५ साली युनेस्कोने श्पायखरश्टाटला जागतिक वारशाचा मान दिला. एकेकाळी व्यापारासाठी या बेटावरून हजारो माणसे उठविली गेली, पुढे तो व्यापारही उठून गेला. ज्या भूमीवरून चाळी पाडल्या, तिच्यावरच्या गोदामात आज खिडक्यांतून दिवे लागलेली घरे पुन्हा दिसतात. ती बोटभर उंचीची आहेत आणि त्यांत राहणारा कोणी श्वास घेत नाही. गेलेली बिऱ्हाडे त्यांनी परत येत नाहीत. पण वास्तूचे पहिले काम संपले म्हणजे तिचे आयुष्य संपलेच, असे मानण्याचे कारण नाही, एवढे मात्र या खेळण्याने दाखवून दिले आहे.